बाकल्याचं बेभरवशाचं पीक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बाकला हे नाव आपल्याकडे फारसं कानावर येत नाही. बिहार, उत्तर प्रदेशात याच्या कोवळ्या शेंगांची भाजी होते, इजिप्तमध्ये याचे शिजवलेले दाणे सकाळच्या न्याहारीला असतात. इंग्रजीत याला 'ब्रॉड बीन' म्हणतात. दिसायला पावट्याचा थोराड भाऊ, पण गोत्र वाटाण्या-मसुराचं.

आज बोलायचं आहे ते जर्मनीतल्या सेंद्रिय शेतकऱ्यांच्या बाकल्याबद्दल. रासायनिक नत्रखत वापरायचं नाही, हा त्यांचा नियम. मग पुढच्या गव्हाला नत्र कुठून आणायचं? शेणखतातून, आणि फेरपालटातल्या कडधान्यातून. बाकल्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात. म्हणजे हे पीक शेतकऱ्याला हवंच आहे. तरीही पेरताना त्याचा हात आखडतो, कारण एका साली पोती भरतात आणि पुढच्या साली बियाण्याचा खर्चही निघेल की नाही अशी धास्ती.

चांगल्या वर्षीसुद्धा बाकल्याची बरीचशी फुलं शेंग न धरताच गळतात. फुलोऱ्यात पावसानं ओढ दिली, तर विचारूच नका. त्यात काळा मावा, पानांवरचा चॉकलेटी ठिपका आणि तण. रासायनिक फवारणीचा मार्ग बंदच. सगळी मदार वाणावर.

इथे या पिकाचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा. गहू स्वतःच्याच परागावर दाणा धरतो, मका बहुतांशी दुसऱ्याच्या. बाकला मधला. काही दाणे स्वपरागाचे, काही मधमाश्या आणि भुंग्यांनी आणलेल्या परागाचे. आपली तूरही साधारण याच चालीची. परपरागातून झालेली संकरित झाडं जोमदार असतात आणि वाईट हवामानातही तग धरतात. पण मक्यासारखं संकरित बियाणं बाकल्यात बाजारात आणता आलं नाही. त्यासाठी लागणारं नरवंध्यत्व या पिकात भरवशानं टिकत नाही.

म्हणून पैदासकारांनी वेगळी वाट धरली. चार-सहा निवडक शुद्ध वाण एकत्र पेरायचे आणि काही पिढ्या मधमाश्यांना मोकळं रान द्यायचं. यातून तयार होतो तो 'सिंथेटिक' वाण. सेंद्रिय शेतीत हा शब्द कानाला खटकतो खरा, पण काम सगळं मधमाश्यांचंच! अशा शेतात सगळी झाडं एकसारखी नसतात. एकाला कोरड सोसवली नाही, तर शेजारचं निभावून नेतं. गॉटिंगेन विद्यापीठातल्या पैदासकारांनी शेतकऱ्यांना सोबत घेऊन सेंद्रिय शेतांवरच या निवडी केल्या. २००८ आणि २००९ साली ते काम प्रसिद्ध झालं. मला यात मोलाचं वाटतं ते निवडीचं ठिकाण. खत-फवारणीवर पोसलेल्या शेतात पहिला आलेला वाण तणांच्या गर्दीतही पहिला येईल, असं कसं धरून चालायचं?

प्रत्येक गुणाची किंमतही मोजावी लागते. पांढऱ्या फुलांच्या, टॅनिन नसलेल्या जाती कोंबड्या-डुकरांच्या खाद्याला उत्तम. पण तेच टॅनिन थंड, ओल्या मातीत बियाण्याला कुजण्यापासून वाचवत असतं.

दुसरी अडचण कायद्याची. युरोपात वाणाची नोंदणी व्हायची, तर तो वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. कायद्याचं स्थैर्य म्हणजे वाणाची लक्षणं पिढ्यानपिढ्या न बदलणं. शेतकऱ्याचं स्थैर्य म्हणजे वाईट साली पदरात पडणारं धान्य. १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघाच्या नव्या सेंद्रिय नियमांनी थोडी वाट मोकळी केली. एकसारखेपणा नसलेलं सेंद्रिय बियाणंही आता सरकारला रीतसर कळवून विकता येतं. असं बियाणं शेतकऱ्यानं घरी राखून पुन्हा पेरलं, तर त्याच्या रानाला मानवणारी झाडं त्यात हळूहळू वाढत जातात. फक्त शेजारच्या शेतात दुसरा बाकला नको. मधमाश्या बांध ओळखत नाहीत.