निवड आणि घडण



आजच्या व्याख्यानासाठी क्रीडासंघाच्या निवडीचा विषय मी कळविला, तेव्हा मराठीच्या प्राध्यापकाचा खेळाडूंच्या बाजाराशी काय संबंध, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. भाषेच्या अभ्यासकाला जन्मभर एक प्रश्न छळत असतो : सुट्या शब्दांचे वाक्य केव्हा होते? संघ बांधणाऱ्यापुढेही हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा असतो : सुट्या खेळाडूंचा संघ केव्हा होतो? आणि ज्या शिक्षकांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांच्या पेशाचा प्रश्न तरी याहून वेगळा कोठे आहे? पन्नास सुट्या मुलांचा वर्ग केव्हा होतो, हाच तो प्रश्न. म्हणून हा विषय शाळेच्या व्यासपीठावर परका नाही, अशी माझी धारणा आहे.

प्रथम निवडीच्या पद्धती पाहू. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये १९४७ सालापासून 'ड्राफ्ट' नावाची पद्धत चालत आलेली आहे. दरवर्षी जे नवे तरुण खेळाडू व्यावसायिक खेळात येऊ पाहतात, त्यांतून प्रत्येक संघाने पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडावयाचा असतो. परंतु ही पाळी ठरते उलट्या क्रमाने. मागील हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याला आधी निवडण्याचा मान, आणि ज्याची कामगिरी सर्वांत सरस तो अखेरीस. यात भूतदया आहे असे कोणी समजू नये. धनवान संघांनीच सारे उत्तम खेळाडू पळविले तर सामने एकतर्फी होतील आणि एकतर्फी सामना पाहावयास कोणी फिरकणार नाही, हा त्यामागील रोकडा व्यवहार आहे. पुढे काही संघ चांगली पाळी मिळावी म्हणून मुद्दाम हरतात, असा संशय बळावला, तेव्हा १९८५ पासून तळाच्या संघांमध्ये सोडत काढण्याची प्रथा सुरू झाली. नियम कितीही न्याय्य असो, त्यातून वाट काढणारी बुद्धी माणसाजवळ असतेच.

आपल्याकडे २००८ साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा निराळा मार्ग स्वीकारला गेला. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत क्रिकेटपटूंचा लिलाव झाला. ड्राफ्टमध्ये समता साधते ती पाळीच्या क्रमाने. लिलावात ती साधावयाची होती थैलीच्या मर्यादेने. प्रत्येक संघाला खर्चासाठी ५० लाख डॉलरची मर्यादा होती. 'लिलाव' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. तो आपल्या भाषेत वावरला तो जप्तीचे घर, शेत, भांडीकुंडी यांच्या संगतीत. तोच शब्द जिवंत माणसांच्या संदर्भात ऐकताना त्या दिवशी अनेकांचे कान टवकारले. आता कान सरावले आहेत. हे सरावणे बरे की वाईट, याचा निर्णय मी आपल्यावर सोपवितो.

त्याच वर्षी एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी मात्र ड्राफ्टचीच पद्धत वापरली गेली. पहिली पाळी दिल्लीची होती. दिल्लीचाच विराट कोहली समोर असताना त्या संघाने प्रदीप सांगवान या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाची निवड केली, आणि कोहली बंगळूरकडे गेला. अमेरिकेत १९८४ साली असेच घडले होते. पोर्टलंडच्या संघाने दुसऱ्या पाळीला सॅम बोवी या उंच खेळाडूला घेतले आणि तिसऱ्या पाळीला मायकल जॉर्डन शिकागोच्या पदरात पडला. पोर्टलंडला आणि दिल्लीला आजवर पुष्कळ हसून झाले आहे. परंतु दोघांनीही निवड अविचाराने केलेली नव्हती. दिल्लीजवळ सेहवाग, गंभीर, धवन यांसारखे फलंदाज होते, उणीव होती ती गोलंदाजाची. पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, उणीव होती ती उंच मध्यवर्ती खेळाडूची. घरात नाही ते बाजारातून आणावे, हा शहाण्या गृहस्थाचाच हिशेब झाला. शिवाय कोहलीने त्या पहिल्या हंगामात १३ सामन्यांत अवघ्या १६५ धावा केल्या. बंगळूरने तरीही त्याला सोडले नाही. निवडीच्या दिवशी त्याच्या कपाळावर काही लिहिलेले नव्हते; जे घडले ते नंतरच्या सांभाळातून घडले. आणि केवळ त्याच्या असण्याने सर्व साधले असेही नाही, कारण त्या संघाला पहिले अजिंक्यपद मिळावयास २०२५ साल उजाडावे लागले.

येथे मला आपल्या प्राचीन शब्दशास्त्राकडे वळावेसे वाटते. वाक्यार्थ कळण्यासाठी तीन गोष्टी हव्यात, असे आपल्या शास्त्रकारांनी सांगून ठेवले आहे : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्या पदाची लागलेली अपेक्षा. गाय, घोडा, पुरुष, हत्ती असे चार शब्द ओळीने उच्चारले तर वाक्य होत नाही, कारण त्यांपैकी कोणालाच कोणाची अपेक्षा नाही. योग्यता म्हणजे अर्थाचा परस्परांशी मेळ. विस्तवाने झाडांना शिंपण घालतो, असे म्हटले तर व्याकरण शुद्ध राहते, अर्थ मात्र जळून जातो. आणि सन्निधी म्हणजे सान्निध्य. एक शब्द सकाळी व दुसरा सायंकाळी उच्चारला, तर दोन्ही शब्द निर्दोष असूनही वाक्य जन्माला येत नाही. शास्त्रकारांनी हे शब्दांसाठी सांगितले. माणसांनाही ते तंतोतंत लागू पडते.

आपल्या हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सचा पहिला हंगाम घ्या. लिलावात या संघाने अँड्र्यू सायमंड्ससाठी साडेतेरा लाख डॉलर मोजले, रोहित शर्मासाठी साडेसात लाख, ॲडम गिलख्रिस्टसाठी सात लाख. जोडीला शाहीद आफ्रिदी आणि हर्शेल गिब्ज. हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने तर 'आयकॉन' खेळाडूचा मान नाकारला. तो मान घेतला असता तर नियमानुसार त्याला संघातील सर्वांत महाग खेळाडूपेक्षा १५ टक्के अधिक द्यावे लागले असते. ते पैसे संघबांधणीसाठी मोकळे राहावेत म्हणून तो पावणेचार लाख डॉलरवर खेळला. एवढ्या उदारतेवर आणि एवढ्या नामवंतांवर उभा राहिलेला हा संघ २००८ मध्ये १४ सामन्यांपैकी केवळ दोन जिंकून तळाला गेला. गाय, घोडा, पुरुष, हत्ती! अकरांत परदेशी खेळाडू चारच चालतात. घरात मात्र त्याहून अधिक येऊन बसले होते. शब्द एकाहून एक भारदस्त, पण क्रियापदाचा पत्ता नाही.

पुढच्याच वर्षी, २००९ साली, स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली आणि याच संघाने ती जिंकली. फार मोठी नवी खरेदी झाली होती असे नाही. बदलली होती ती रचना. गिलख्रिस्टकडे नेतृत्व निश्चितपणे आले. रुद्रप्रताप सिंगने २३ बळी घेऊन स्पर्धेत अग्रस्थान मिळविले. हैदराबादकडून रणजी खेळलेल्या प्रज्ञान ओझाच्या फिरकीला नेमके स्थान मिळाले. रोहित शर्मा तर फलंदाज म्हणून आलेला, पण त्याने मुंबईविरुद्ध गोलंदाजीत त्रिक्रम साधला. उपांत्य सामन्यात गुणतक्त्यात अग्रभागी असलेल्या दिल्लीविरुद्ध गिलख्रिस्टने ३५ चेंडूंत ८५ धावा केल्या, आणि २४ मे रोजी जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात हैदराबादने बंगळूरला सहा धावांनी हरविले. बहुतेक शब्द तेच होते. या वेळी त्यांचे वाक्य झाले होते.

परंतु हैदराबादकरांना या विद्येसाठी २००९ पर्यंत थांबण्याचे कारण नव्हते. संघ कसा बांधावा याचा वस्तुपाठ या शहराने अर्ध्या शतकापूर्वीच देशाला दिला होता, आणि तो देणारा मनुष्य होता शाळाशिक्षक. सय्यद अब्दुल रहीम हे काचिगुडा, चादरघाट येथील शाळांत शिकवीत. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे मार्गदर्शक. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा जिंकली. रहीमसाहेबांकडे ना थैली होती, ना पहिली पाळी. जी मुले मैदानावर येत त्यांतूनच त्यांनी संघ उभे केले. दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा, असे सामने ते मुलांमध्ये भरवीत. यातील शिक्षणशास्त्र पाहा. निवडणारा मनुष्य बलस्थान शोधतो. घडविणारा दुबळा पाय शोधतो आणि त्याला कामाला लावतो.

१९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारत उपांत्य फेरीत पोहोचला. त्यांच्या योजकतेचे शिखर दिसले ते १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून ०–२ असा हरला. पुढे थायलंडविरुद्ध खेळताना बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. दुसरा कोणी असता तर त्याने त्याला बाकावर बसविले असते. रहीमसाहेबांनी त्याला बचावातून काढून आघाडीला खेळविले. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, अंतिम सामन्यातही केला. गोलरक्षक थंगराज आजारामुळे बाहेर होता. अंतिम सामन्यात कोरियाच्या उंच चेंडूंपुढे त्याची उंची उपयोगी पडेल, हे जाणून त्याला परत आणले गेले. ज्या संघाकडून आरंभी पराभव पत्करला, त्याच दक्षिण कोरियाला ४ सप्टेंबर १९६२ रोजी २–१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी रहीमसाहेबांना कर्करोगाने गाठले होते. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले. नवा खेळाडू न आणता, आहे त्याच माणसांची जागा बदलून त्यांनी अर्थ बदलला. शब्दक्रम बदलून वाक्याला धार आणणारा लेखक यापेक्षा वेगळे काय करतो?

या दोन चित्रांमधील अंतर सन्निधीचे आहे. लिलावाच्या व्यवस्थेत दर काही वर्षांनी संघ विसकटावाच लागतो. सनरायझर्स हैदराबादने २०१६ साली अजिंक्यपद मिळविले, तेव्हा अंतिम सामन्याच्या अकरा जणांत हैदराबादचा एकही नव्हता. या शहरातील रिक्षाचालकाचा मुलगा महंमद सिराज याला २०१७ च्या लिलावात याच संघाने दोन कोटी साठ लाखांना घेतले. २०१८ चा लिलाव आला आणि तो बंगळूरकडे गेला. येथलाच तिलक वर्मा २०२२ पासून मुंबईकडून खेळतो आहे. यात कोणाचा अपराध नाही. लिलावाने या मुलांना जे दिले ते लहान नाही. रिक्षाचालकाच्या आणि वीजकाम करणाऱ्या कारागिराच्या घरात त्याने सुबत्ता आणली. रहीमसाहेबांच्या पिढीतील कित्येक खेळाडूंच्या वाट्याला केवळ टाळ्याच आल्या. म्हणून पूर्वीचे सारे सोने आणि आजचे सारे कथील, असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणतो, की लिलाव गुणाची किंमत ठरवू शकतो. गुण निर्माण करणे हे त्याचे काम नव्हे. सिराज आणि तिलक लिलावाच्या सभागृहात पोहोचले, कारण त्याआधी कोणी तरी, कोणत्या तरी धुळीच्या मैदानावर, त्यांच्यासाठी वेळ खर्चिला होता.

आता शाळेकडे येतो. मूल शाळेत येते ते लिलावातून नव्हे. जो येईल तो आपला, हा शाळेचा धर्म आहे. परंतु आपल्या शाळांतून आपण काय करीत आलो? वर्षाच्या आरंभी गुणानुक्रमाने मुलांच्या तुकड्या पाडतो. पहिल्या क्रमांकांची ती 'अ' तुकडी, आणि मागे राहिलेल्यांची ती 'ड'. इतके होऊन थांबत नाही. शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षक 'अ' तुकडीला देतो, आणि नुकताच रुजू झालेला, हंगामी नेमणुकीचा शिक्षक 'ड' तुकडीकडे धाडतो. नफ्यासाठी चालणाऱ्या खेळाच्या धंद्यालासुद्धा हे कळले, की सर्वांत मागे राहिलेल्याला आधी निवडू द्यावे, नाही तर खेळच संपतो. ज्ञानदानाचे व्रत सांगणाऱ्या आपल्याला ते अजून कळू नये, हे मला मनापासून बोचते. तुकड्या पाडणे अपरिहार्यच असेल, तर शिक्षक निवडण्याची पहिली पाळी 'ड' तुकडीची असावी, ही माझी आजची मुख्य सूचना आहे. ती संस्थेने एक वर्ष तरी करून पाहावी.

माजी विद्यार्थ्यांनाही एक सांगणे आहे. आपण शाळेला देणग्या देता, गुणवंतांना पारितोषिके ठेवता. ते योग्यच आहे. परंतु गुणवंतांची निवड परीक्षेने केलेलीच असते. आपल्या पारितोषिकाने त्यांना मिळते ते आणखी एक टाळी. एखादी देणगी दुबळ्या पायासाठीही असू द्या. जो गणितात अडखळतो, जो वाचताना थांबतो, त्याच्या जादा तासासाठी ती असू द्या. ज्या गुरुजींचे आज आपण स्मरण करीत आहोत, त्यांना याहून समर्पक आदरांजली मला सुचत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमचीही कोठे निवड होईल, कोठे होणार नाही. निवड झाली नाही म्हणजे तुमचा शब्द निरर्थक ठरला, असे मानू नका. तुमचे वाक्य अजून जुळायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.