एक दिवस आपणही चालू या
(पदयात्रेच्या तयारीसाठी मंडळीपुढे केलेले भाषण)



येत्या २९ सप्टेंबरला, जागतिक हृदयदिनी, आपण पाच किलोमीटरची पदयात्रा काढत आहोत. जमलेली देणगी हृदयविकारावरील संशोधनासाठी जाईल. काहींनी मला विचारले, "आपले काम पाड्यांवरचे. तिथे औषध, धान्य, वह्या लागतात. संशोधनाला पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे.

हृदयविकार म्हटला की आपल्याला शहरातला, पन्नाशीचा माणूस आठवतो. पण गरिबाघरच्या लेकरांचाही एक हृदयविकार आहे. सुरुवात साध्या घसादुखीने होते. एका खोलीत सात-आठ जण झोपत असतील तर तिचे जंतू झपाट्याने पसरतात. वेळेवर औषध मिळाले नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. हा संधिवातज्वर. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. पुढे तीच मुलगी पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना धापा टाकते आणि बाळंतपणात तिच्या जिवावर बेतते.

अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागते, तेही वर्षानुवर्षे. घसादुखीच्या त्या जंतूंवर अजून लस निघालेली नाही. ती शोधणे हेच संशोधन.

संशोधनाने गरिबाचे काय भले होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. बिघडलेली झडप बदलायची तर पूर्वी परदेशी झडप आणावी लागे, आणि ती गरिबाला परवडत नसे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप बनवायला घेतली. पहिले नमुने फसले, तरी त्यांनी काम सोडले नाही. डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रुग्णाला बसवली गेली. त्यानंतर हजारो रुग्णांना तिने आधार दिला. तरीही अशी झडप बसवलेल्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, वरचेवर रक्त तपासावे लागते. पाड्यावर हे किती अवघड, ते तुम्ही जाणता. म्हणून शोध चालू राहिला पाहिजे.

निघताना दारापाशी देणगीपत्रक घ्या. दहा घरी जा. प्रत्येकाने किलोमीटरमागे दहा रुपये दिले, तर एका पत्रकावर पाचशे रुपये होतात. ज्यांना दम लागतो किंवा छातीत दुखते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू नये. पाणी वाटायलाही माणसे हवी आहेत.

लेकराच्या इंजेक्शनासाठी पाड्यावरची आई दर महिन्याला आरोग्य केंद्रापर्यंत चालत जाते. तिच्यासाठी आपण एक सकाळ चालू या.