जिवतीच्या कहाणीतली चोरी

श्रावणी शुक्रवारची जिवतीची कहाणी ही चोरीला गेलेल्या बाळाची आणि त्याच्या आईची गोष्ट आहे. कोकणात भयकथा म्हटली की हडळ, जखीण, अळवंत हीच मंडळी आधी आठवतात. हातात अक्षता घेऊन ऐकायच्या या कहाणीतला थरार मात्र त्यांच्याहून सरस आहे.

चोरीचा बेत माणसांचाच. मूल नसलेली राणी सुईणीला पैशांची लालूच दाखवते. गावातल्या गरीब ब्राह्मणाची बायको गरोदर असते. राणी पोटाला कपडे गुंडाळून दिवस गेल्याचं सोंग आणते आणि वाड्यापासून त्या घरापर्यंत भुयार खणलं जातं. पहिली खेप, भीती वाटेल, असं म्हणून सुईण बाळंतिणीचे डोळे बांधते. मूल भुयारातून वाड्यावर जातं आणि आईला सांगितलं जातं की तुला वरवंटा झाला. वरवंट्याची निवड भलतीच नेमकी आहे. पुष्कळ घरांत बाळाच्या पाचवीला सटवीची पूजा पाट्या-वरवंट्याशीच मांडतात.

आईचा संशय जात नाही, पण राजवाड्याविरुद्ध दाद मागायची कुणाकडे? ती श्रावणात मुलांना जपणाऱ्या जिवती देवीचं व्रत धरते. हिरवं लुगडं नेसायचं नाही, हिरव्या बांगड्या भरायच्या नाहीत, कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही, तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही. बाळ असेल तिथे सुखी असो म्हणून ती अक्षता उडवते आणि त्या वाड्यातल्या पोराच्या डोक्यावर पडतात. मूल परगावी असलं तर आईने त्याच्या नावाने चारी दिशांना अक्षता टाकायची रीत आजही आहे. खेड, दापोलीकडची किती तरी मुलं नोकरीला मुंबईत. त्यामुळे ही रीत कोकणात सहज समजते.

मुलगा राजा होतो आणि नेमकी त्या बाईवरच त्याची नजर जाते. रात्री तिच्या दारात वासराच्या शेपटीवर पाय पडतो. वासरू कुरकुरतं, तेव्हा गाय म्हणते की जो स्वतःच्या आईकडे वाईट हेतूने निघालाय, त्याला तुझ्या शेपटीचं काय! कहाणीतली ही सगळ्यात अंगावर येणारी जागा.

हादरलेला राजा काशीला निघतो. वाटेत तो ज्या घरी उतरतो तिथली मुलं पाचव्या-सहाव्या दिवशी दगावत असतात. रात्री सटवी येते, पण दारात राजा निजलेला असतो. माझं बाळ ओलांडू नकोस म्हणून जिवती तिला अडवते आणि घरातलं मूल वाचतं. या धास्तीला आधार होता. अस्वच्छ विळ्याने नाळ कापल्यावर होणारा धनुर्वात बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत मूल नेई. माता व नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारताबाबत २०१५ मध्ये मान्य झालं.

सटवीसारख्या भुताखेतांच्या समजुतींची टिपणं कोकणातल्या शाळामास्तरांकडून नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी मिळवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी जॅक्सन ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आले असताना क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. टिपणं पुढे ब्रिटिश अधिकारी एन्थोवेन यांनी छापली. कोकणचा भाग १९१५चा.

कहाणीचा उलगडा पंगतीत होतो. काशीहून परतलेला राजा गावजेवण घालतो, त्या दिवशी कुणी घरी चूल पेटवायची नाही. एकच बाई येत नाही. वाटेवर तांदळाचं धुवण आहे, असा निरोप ती धाडते. वाट सारवून तिला आणलं जातं. म्हणजे व्रताचे निर्बंध शोभेचे नाहीत. अख्ख्या गावातून आई वेगळी उठून दिसते ती त्यांच्यामुळेच. राजा वाढायला समोर येताच तिला पान्हा फुटतो आणि दुधाची धार थेट त्याच्या तोंडात जाते. मग राणी खरं काय ते सांगते. राजा जन्मदात्यांना आपल्याजवळ वाडा बांधून देतो. राणीला शिक्षा होत नाही आणि सुईणीचं पुढे काय झालं, हे कहाणी सांगतच नाही.