भिंतीवरची माणसे



मी बँकेत लिपिक आहे. कार्यकारिणीने मला बचतीवर बोलायला सांगितले होते. परंतु बचतीवर मी दिवसभर बोलतच असतो. म्हणून परवानगी घेऊन वेगळा विषय निवडला आहे : घरातल्या भिंतीवर फोटो कसे लावावेत. विषय किरकोळ वाटेल. मलाही तो घराला रंग काढेपर्यंत तसाच वाटत होता.

रंगासाठी अकरा तसबिरी खाली उतरवल्या. आमच्याकडे, आणि बहुधा आपल्याकडेही, त्या छताजवळ टांगलेल्या असतात, पुढे जराशा झुकवून. खालून चेहरा दिसावा म्हणून तो झुकाव. पण सात-साडेसात फुटांवर काय दिसणार? आईची तसबीर जमिनीवर टेकवून ठेवली, तेव्हा माझी नऊ वर्षांची मुलगी तिच्यापुढे बसली आणि म्हणाली, "पप्पा, आजीच्या कपाळावर गोंदण होतं?" जन्मापासून ती त्याच खोलीत झोपते.

त्याच दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. वडिलांची तसबीर पश्चिमेच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर होती. ओलीने फोटो काचेला चिकटला होता. मी काच ओढली आणि अर्धा चेहरा काचेबरोबर निघून आला. दुसरी प्रत नाही, निगेटिव्ह नाही. बँकेत मयत खातेदारांचे नातेवाईक येतात, काम झाल्यावर हळूच विचारतात, "साहेब, फॉर्मवरचा फोटो मिळेल का?" इतकी वर्षे मी त्यांना नियम सांगत आलो. माझ्या वडिलांचे तर कुठल्याच बँकेत खाते नव्हते.

म्हणून कळकळीने सांगतो, चिकटलेला फोटो ओढू नका. आधी काचेसकट त्याचा फोटो काढून घ्या. नवीन फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे माउंट, घालून घ्या. चार पैसे वाचवायला आपण नेमकी तीच गाळतो. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांवर बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते. ओल येणारी भिंत टाळावीच. थेट उन्हाची भिंतही टाळावी, रंगीत फोटो तिथे लवकर उडतात.

आता मांडणी. सगळ्या फ्रेम आधी जमिनीवर मांडून पाहाव्यात. मग त्या-त्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद कापून भिंतीवर चिकटपट्टीने लावावेत आणि दोन दिवस तसेच राहू द्यावेत. भोके पाडण्याची घाई करू नये. दोन फ्रेममध्ये दोन-तीन इंच अंतर पुरे. जास्त ठेवले की समूह विस्कटतो. संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवण्याची पद्धत आहे. समूह लावताना हा मध्य सगळ्या समूहाचा धरायचा. आपण चटईवर बसणारी माणसे, आपण आणखी खाली आलो तरी चालेल. खिळ्याची खूण करताना दोरी ताणून मोजावी, नाहीतर फ्रेम दोन इंच खाली बसते. जुन्या भिंतीचा गिलावा ढासळत असेल तर भोक पाडून, गुट्टी ठोकून स्क्रू लावावा; जड फ्रेमला दोन. विजेच्या बटणांच्या सरळ रेषेत वर किंवा खाली भोक पाडू नये, आत वायर असते.

हे सर्व ऐकून आमचे तात्या संतापले. "बाबासाहेबांना खाली उतरवता?" म्हणाले. भगवान बुद्ध आणि बाबासाहेब समोरच्या भिंतीवर त्यांच्या जागीच आहेत. शेजारचे कॅलेंडर आणि घड्याळ मात्र मी हलवले. घरची माणसे बाजूच्या भिंतीवर, मुलीच्या नजरेच्या उंचीवर आली. तात्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही.

आणखी एक. ग्रुप फोटोतून एक चेहरा कापून मोठा करण्याची आपल्याला सवय आहे. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा फोटो आपण पाहिला असेल. त्यात बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि टॉबी नावाचा कुत्राही आहे. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. एकेकटे चेहरे कापून ठेवले असते तर ते घर आपल्याला दिसले नसते.

आमच्या आईचा फोटो एका लग्नाच्या ग्रुप फोटोवरूनच मोठा केलेला. स्टुडिओवाल्याने मूळ फोटो न कापता परत दिला, म्हणून त्यात मागच्या रांगेत वडील अजून आहेत. चेहरा तूरडाळीएवढा, पण आहे. तोच आता मोठा करायला दिला आहे.

त्या फोटोत चाळीस माणसे आहेत. मला एकोणीस ओळखता येतात. फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यावर नावे लिहायची तर पेन्सिलीने लिहावीत, शाई झिरपते. उरलेल्यांपैकी बरेच जण तात्यांना माहीत आहेत, आणि तात्यांचे वय चौऱ्याऐंशी. रागावलेले असले तरी येत्या रविवारी मी तो फोटो घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. वही-पेन्सिल मुलीकडे दिली आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले, तेव्हा इथेच थांबतो. जय भीम!