परदेशी वॉर्डात चार आठवडे : काय मागायचं, काय नाकारायचं, काय घेऊन यायचं

(वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज आपण 'क्लिनिकल एक्स्चेंज'वर बोलणार आहोत. सुरुवातीलाच एक गोंधळ दूर करू. परदेशात जाऊन एमबीबीएस करणं ही गोष्ट वेगळी. तिथली पदवी घेऊन आलं की इथे स्क्रीनिंग परीक्षा द्यावी लागते, तिचे नियम वेगळे, खर्च वेगळा. आपला विषय तो नाही. तुम्ही मिरजेत, औरंगाबादेत, धुळ्यात, मुंबईत शिकताय, शिक्षण इथेच चालू आहे आणि मध्ये एक महिना दुसऱ्या देशातल्या हॉस्पिटलच्या वॉर्डात शिकायला जाताय, त्याबद्दल मी बोलतोय.

हे काही कालपरवाचं फॅड नाही. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांची शहरं बेचिराख केलेल्या युरोपात १९५१ साली वैद्यकीय विद्यार्थी कोपनहेगनला जमले आणि त्यांनी एक आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. तोच आजचा आयएफएमएसए. एकमेकांच्या देशात शिकायला जाणं हे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. आज शंभराहून जास्त देशांतल्या विद्यार्थी संघटना त्यात आहेत. आपल्याकडची मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया ही त्याची सदस्य आहे. संघटना विद्यार्थीच चालवतात. म्हणजे पलीकडे तुमच्या ईमेलला उत्तर देणारी व्यक्तीही उद्याच्या पेपरची धास्ती घेतलेली विद्यार्थिनीच असते. उत्तर उशिरा आलं तर चिडू नका.

या व्यवस्थेचा गाभा साधा आहे : अदलाबदल. इथून एक जण जाईल, तिथून एक जण येईल. जाणाऱ्याने विमानाचं तिकीट, व्हिसा आणि ठरलेलं शुल्क भरायचं. यजमान संघटनेने राहायची जागा, दिवसाचं किमान एक जेवण, शिकवायला एक डॉक्टर आणि मदतीला एक स्थानिक विद्यार्थी द्यायचा. मुदत साधारण चार आठवडे. आता हिशेब करा. यजमान देशात तुम्हाला पलंग मिळतो, कारण आपल्या देशात कुणीतरी दुसऱ्या देशातल्या पाहुण्याला पलंग दिलेला असतो. म्हणून ज्यांना घरच्या अडचणीमुळे, पैशांमुळे किंवा आईवडिलांच्या नकारामुळे जाता येणार नाही, त्यांना मी आधी सांगतो : यजमान व्हा. तुमच्या कॉलेजला बाहेरचे विद्यार्थी येत असतील तर त्यांच्या मदतनीसाचं काम मागून घ्या. वॉर्डात पेशंट काय म्हणतोय ते त्यांना समजावून सांगा. 'तुमच्याकडे एका ओपीडीत एवढे पेशंट कसे?' या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली की आपलीच आरोग्यव्यवस्था आपण पहिल्यांदा नीट बघतो. त्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

आता जाणाऱ्यांबद्दल.

पहिली गोष्ट, नेमकं कशासाठी जाताय ते शब्द तपासून घ्या. 'ऑब्झर्व्हरशिप' म्हणजे बघायचं, हात लावायचा नाही. 'क्लार्कशिप' किंवा 'इलेक्टिव्ह' म्हणजे विद्यार्थी म्हणून टीममध्ये राहून देखरेखीखाली काम करायचं. त्यातही प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. ब्रिटनचे व्हिजिटर नियम घ्या. परदेशी वैद्यकीय विद्यार्थ्याला तिथे विनावेतन इलेक्टिव्ह करता येते, पण पेशंटवर उपचार करता येत नाहीत. त्यामुळे 'लंडनमध्ये हँड्स-ऑन अनुभव, प्रमाणपत्रासह, अमुक लाखांत' अशी जाहिरात दिसली की थांबा. कुठलं हॉस्पिटल, कुठला विभाग, कोण शिकवणार, कुठल्या व्हिसावर, आणि गेलो नाही तर पैसे परत किती, हे पाच प्रश्न लेखी विचारा. दुकानदार पाचही प्रश्नांची गुळमुळीत उत्तरं देतो. खरी संस्था निदान तीन प्रश्नांची उत्तरं पहिल्याच पत्रात देते. एका प्रमाणपत्रासाठी अम्मीच्या बांगड्या गहाण टाकू नका. फ्रेम करून भिंतीवर टांगलेलं ते प्रमाणपत्र पुढच्या परीक्षेत एक मार्कही वाढवत नाही.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि ती आपल्या घरांत जास्त छळते. दहावीच्या मार्कशीटवर 'शेख', कॉलेजच्या ओळखपत्रावर 'शैख', पासपोर्टवर तिसरंच स्पेलिंग. कुठे 'मोहम्मद' पूर्ण, कुठे त्याचं दोन-चार अक्षरांत आखडलेलं रूप. कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. इथे क्लार्क ओळखीचा असतो, चालून जातं. व्हिसाच्या खिडकीपलीकडचा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही, तो फक्त अक्षरं बघतो. सगळे कागद आज रात्री एका टेबलावर मांडा आणि नाव जुळतं का बघा. जुळत नसेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावाची नोंद करून घ्या. हे काम निवड झाल्यावर करायचं नसतं, अर्ज करायच्या आधी करायचं असतं.

युरोपातल्या शेंगेन देशांत जायचं तर १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतचा अल्पमुदतीचा व्हिसा मिळतो. प्रौढांसाठी त्याची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. म्हणून आधी यजमानांचं निमंत्रणपत्र, मग व्हिसा, आणि जे रद्द करता येत नाही असं तिकीट सगळ्यात शेवटी.

तिसरी गोष्ट तुमच्या शरीराची. बहुतेक हॉस्पिटलं हिपॅटायटिस बी, गोवर आणि कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचा पुरावा मागतात. हिपॅटायटिस बी चे नेहमीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने असे असतात. म्हणजे दोन महिने आधी जाग आली तर उशीर झाला. टीबीची तपासणीही मागतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची मँटू चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि तिथला कर्मचारी दचकतो. रक्तावरच्या आयजीआरए चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, ती करून घ्या. आणि वॉर्डात पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारा : मला सुई टोचली तर कुणाला फोन करायचा? एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार जितक्या लवकर तितका चांगला. ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो आणि २८ दिवस चालतो. परक्या देशात रात्री दोन वाजता हा प्रश्न पहिल्यांदा विचारायची वेळ येऊ नये.

चौथी गोष्ट हजेरीची. आपल्या नियमांनुसार थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. डीनची लेखी परवानगी घेतल्याशिवाय अर्जावर सही करू नका. २०१९ नंतरच्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हची सोय आली आहे, पण तुमचं कॉलेज परदेशातला महिना त्यात धरणार का, हे कॉलेजच सांगेल. तेही कागदावर घ्या.

आता घरच्यांबद्दल, विशेषतः मुलींसाठी. 'अब्बा सोडणार नाहीत,' हे वाक्य मी खूप ऐकतो. अब्बांचे प्रश्न काय असतात? राहणार कुठे, सोबत कोण, खाणार काय, आजारी पडलीस तर काय, परत कधी. हे प्रश्न वाईट नाहीत. मी तर म्हणतो मुलगा जाणार असेल तरी हेच विचारावेत, आणि त्यालाही तितकंच कसून विचारावं. इजाजत मागायला जाताना रडत जाऊ नका, फाइल घेऊन जा. त्यात राहण्याचा पत्ता, यजमान विद्यार्थिनीचा नंबर, शिकवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, विम्याची पॉलिसी आणि खर्चाचा तक्ता असू द्या. याआधी जाऊन आलेल्या मुलीची अम्मीशी फोनवर गाठ घालून द्या. नकार पुष्कळदा अज्ञाताला असतो, मुलीला नसतो. एवढं करूनही नकार आला, तर निदान तो कशाला आहे हे घरात सगळ्यांना स्पष्ट होतं.

हिजाबचं काय, हाही प्रश्न येतो. इंग्लंडमधला अनुभव सांगतो. तिथल्या हॉस्पिटलांत संसर्ग टाळण्यासाठी कोपरापासून खाली हात उघडे ठेवायचा नियम आला. काही मुस्लिम विद्यार्थिनी आणि डॉक्टरांना तो अडचणीचा वाटला. चर्चा झाली आणि २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत वापरून फेकायच्या बाह्यांचा पर्याय आला. हात मात्र स्वच्छ धुतलेच पाहिजेत, त्यात सूट नाही. पुढे २०१९ मध्ये रॉयल डर्बी हॉस्पिटलने ऑपरेशन थिएटरसाठी एकदा वापरून टाकायचे निर्जंतुक हिजाब आणले. दिवसभर डोक्यावर असलेला स्कार्फ थिएटरमध्ये चालणार नाही, हा आक्षेप खरा होता. तिथल्या एका तरुण डॉक्टरने तो मान्य केला आणि मलेशियात लोक काय करतात याचा शोध घेऊन उपाय काढला. यातून दोन गोष्टी घ्या. नियमामागचं कारण आधी विचारा, कारण ते बहुधा पेशंटचं असतं, तुमच्याविरुद्ध नसतं. आणि पेशंटची सुरक्षितता सांभाळून वाट निघत असेल तर ती मागायला लाजू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काय नाकारायचं?

आपल्यापैकी काही जण श्रीमंत देशांत जातील, काही आपल्याहून गरीब देशांत. गरीब देशात मोह मोठा असतो. तिथे डॉक्टर कमी, पेशंट जास्त, आणि कुणीतरी म्हणतं, 'टाके घाल, प्रसूती कर, शिकशील.' श्रीमंत देशांतले विद्यार्थी आपल्या उपखंडात आणि आफ्रिकेत येऊन गरिबांच्या अंगावर हात साफ करतात, अशी टीका कितीतरी वर्षं होते आहे. २०१० साली तज्ज्ञांच्या एका गटाने अशा प्रशिक्षणासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. पाहुण्या विद्यार्थ्याचा भार यजमानांवर पडतो, फायदा दोन्ही बाजूंना व्हायला हवा, हे त्यांचं सार. मी एकच कसोटी देतो. माझ्या कॉलेजात, माझ्या वर्षाला, देखरेखीशिवाय जे करायची मला परवानगी नाही, ते मी तिथे एकटा करणार नाही. 'मी विद्यार्थी आहे, मला हे येत नाही,' हे वाक्य त्या देशाच्या भाषेत पाठ करून जा. आणि पेशंटसोबत सेल्फी नको. आपल्या आजीचा सलाइन लावलेला फोटो कुणा परक्याच्या मोबाइलवर फिरलेला आपल्याला चालेल का?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. ते विद्यार्थी नव्हते, शिकून तयार झालेले डॉक्टर होते, आणि बोलावणं आलं म्हणून गेले. तिथे त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या तरुणांना शिकवलं. १९४२ मध्ये, ३२ व्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं. चार आठवड्यांत कुणी कोटणीस होत नाही. पण त्यांच्याकडून क्रम शिकता येतो : आधी भाषा, मग काम.

आणि काय घेऊन यायचं? पहिल्या आठवड्यात तुम्ही त्या वॉर्डात मुके असाल. राउंडला सगळे हसतील आणि तुम्हाला विनोद कळणार नाही. नर्स काहीतरी सांगेल आणि तुम्ही नुसती मान हलवाल. ती अवस्था नीट लक्षात ठेवा. बीड-परभणीकडची एखादी बाई आपल्या ओपीडीत रोज त्याच अवस्थेत उभी असते. आपण इंग्रजी-मराठी मिसळून भराभर सांगतो, ती मान हलवते, आणि उत्तर तिचा नवरा देतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत अशा वेळी नातेवाइकाला दुभाषी करू नका, प्रशिक्षित दुभाषी बोलवा, असं सांगितलेलं आहे. नाजूक तपासणीच्या वेळी सोबतीला तिसरी व्यक्ती हवी का, हे पेशंटला विचारायचं असतं. आपल्या सरकारी हॉस्पिटलात उद्या पगारी दुभाषी येणार नाही. पण नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसवणं, पडदा ओढणं, तिच्या दखनीत तिला विचारणं, सांगितलेलं तिच्याच तोंडून पुन्हा ऐकणं, याला पैसे लागत नाहीत. ते तुम्हाला येतं. तुमच्यातल्या कितीतरी जणांची घरातली बोलीच ती आहे, आणि वॉर्डात ती बोलायला तुम्ही लाजता.

आपल्या वस्त्यांत शादीखान्याला देणगी देणारे हात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे एका होतकरू विद्यार्थिनीच्या तिकिटासाठी हक्काने जा. अट मात्र तुम्हीच घाला : परत आल्यावर मी मोहल्ल्यात बसून काय पाहिलं ते सांगेन, आणि पुढच्या वर्षी जाणाऱ्याचे कागद तपासून देईन.

आता प्रश्न विचारा. पासपोर्टच्या स्पेलिंगचे असले तरी चालतील.