पाहुण्यांची मोजदाद : अध्यक्षीय भाषण



 

२०१९ हे महासाथीच्या आधीचे शेवटचे भरलेले वर्ष. त्या वर्षाची केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची राज्यवार आकडेवारी उघडा. तमिळनाडूत देशी पर्यटकांच्या भेटी सुमारे ४९ कोटी ४९ लाख, आणि शेजारच्या केरळात १ कोटी ८४ लाख. म्हणजे जवळजवळ सत्तावीस पट. तमिळनाडू मोठे राज्य आहे, मदुराई-रामेश्वरमची गर्दी आपण सगळे जाणतो. पण त्याची लोकसंख्या केरळच्या दुपटीपेक्षा थोडीशीच जास्त आहे. केरळचा आकडा मुख्यतः मुक्कामाच्या जागांवरून येतो. जो खोली घेऊन राहिला, तो मोजला गेला. माझ्या मते या सत्तावीस पटीत पाहुण्यांचा वाटा कमी आणि मोजण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. तरीही दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी बसतात, त्यांना क्रमांक मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कोण पहिले, कोण पाचवे याच्या बातम्या येतात.

महाराष्ट्राचा त्याच वर्षीचा आकडा देशी १४ कोटी ९३ लाख आणि परदेशी ५५ लाख २८ हजार. हा आकडा भेटींचा आहे, माणसांचा नाही, हे या सभागृहात सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर मात्र तो माणसांचा म्हणूनच फिरतो. मुंबईत उतरलेला, मग छत्रपती संभाजीनगरला वेरूळ पाहायला गेलेला आणि परतताना नाशिकला थांबलेला एक पाहुणा तीन ठिकाणच्या रजिस्टरांत तीनदा येतो. देशपातळीवरही तेच होते. २०१९ मध्ये इमिग्रेशनच्या नोंदीप्रमाणे परदेशी पर्यटक आले १ कोटी ९ लाख, आणि सर्व राज्यांनी कळवलेल्या परदेशी भेटींची बेरीज झाली ३ कोटी १४ लाख. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एक दाराशी मोजलेला आहे, दुसरा खोल्याखोल्यांत.

आता वारी पाहा. पर्यटन सांख्यिकीची जगभर मान्य असलेली चौकट संयुक्त राष्ट्रांनी २००८ मध्ये ठरवून दिली. नेहमीच्या वावराबाहेर एक वर्षापेक्षा कमी काळासाठी गेलेला, आणि तिथे नोकरी करायला न गेलेला माणूस तो पाहुणा. मुक्काम केला तर पर्यटक, त्याच दिवशी परतला तर दिवसभराचा पाहुणा. हेतू देवदर्शनाचा असला तरी चालतो. या हिशेबाने वारकरी हा निखळ पर्यटक ठरतो. पण तो मोजायचा कसा? माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघालेली बाई पुण्यात, सासवडला, जेजुरीला, वाल्ह्याला, लोणंदला, फलटणला, नातेपुतेला, माळशिरसला, वेळापूरला, वाखरीला पाठ टेकते. कधी तंबूत, कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी कुणाच्या ओसरीवर. गावोगावच्या मुक्कामांची बेरीज केली तर एका बाईच्या डझनावर भेटी होतात. लॉजची रजिस्टरे पाहिली तर ती आलीच नाही असे दिसते. मग पंढरपूरचा आकडा येतो कुठून? पोलिसांच्या अंदाजातून, एसटीच्या ज्यादा गाड्यांतून, रेल्वेच्या तिकिटांतून, दर्शनरांगेच्या लांबीवरून. हे सगळे उपयोगाचे आहे, पण यातली एकही नोंद मुळात पाहुणे मोजण्यासाठी केलेली नाही.

आणि तिकडे २०११ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत लोकसंख्या असलेले पंढरपूर आहे. पाणीयोजना, सांडपाणी, नगरपालिकेची कर्मचारी-संख्या, दवाखान्यातल्या खाटा या सगळ्याचा पाया राहत्या लोकसंख्येचा. शिर्डी तर त्याच जनगणनेत सुमारे ३६ हजारांचे गाव. तिथे गर्दीच्या दिवशी किती लोक पाणी पितात, किती लोक शौचालय शोधतात, यावर त्या गावाचे आरोग्य अवलंबून आहे. राज्याचा एकूण आकडा १५ कोटी आहे की १२ कोटी, याने शिर्डीच्या मुख्याधिकाऱ्यांचे काही बिघडत नाही. त्यांना हवा असतो शनिवारचा आकडा, गुरुवारचा आकडा, रात्री गावात थांबलेल्यांचा आकडा. तो आपण त्यांना देत नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

तिकिटावर विसंबणेही सोपे नाही. अजिंठ्याला जा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून बसने लेण्यांपर्यंत जायचे, तिथे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तिकीट काढायचे. हिवाळ्यात सहलींच्या बसगाड्या ओळीने उभ्या असतात. मास्तर शिट्टी वाजवतात, पोरे दोनदोनच्या रांगेत चढतात. पण १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे विकलेल्या तिकिटांत ही सगळी रांग नसते. त्याच रांगेत श्रीलंकेहून आणि थायलंडहून आलेले बौद्ध भाविक असतात. सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना भारतीयांच्याच दराचे तिकीट आहे, आणि ते योग्यच आहे. पण परदेशी पाहुण्यांची मोजणी केवळ महाग तिकिटावरून करायला गेलो, तर अजिंठ्यावर श्रद्धा ठेवून समुद्र ओलांडून आलेला पाहुणाच परदेशी म्हणून दिसणार नाही. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. दोन्ही पाहणारा माणूस दोन तिकिटे काढतो. त्यातून लेण्यांवरचा भार कळतो, जिल्ह्यात आलेली माणसे कळत नाहीत. राजगडासारख्या गडांवर तर तिकीटच नाही. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या नावाने बारा किल्ले जागतिक वारशात गेले, त्यातले अकरा आपले. पायवाटा, टाकी, तटबंदी किती माणसांचा भार सोसतात हे कळायला तिथे आज पायथ्याच्या वाहनतळाच्या पावत्यांपलीकडे फार काही नाही.

माथेरान मात्र वेगळे आहे. दस्तुरीच्या पुढे मोटार जात नाही, आणि नगरपरिषद माणशी प्रवासी कर घेते. महाराष्ट्रातली सर्वांत विश्वासार्ह पर्यटन मोजणी अशा छोट्या नगरपरिषदांच्या पावतीपुस्तकांत पडून आहे असे मला वाटते. महिन्यावार, वारावार ती नीट उतरवून काढली तर थंड हवेच्या ठिकाणांचा ऋतुमानाप्रमाणे चढउतार आपल्याला फुकटात मिळेल.

लॉजच्या रजिस्टराबद्दल इथल्या चालक मंडळींशी मोकळेपणाने बोलायला हवे. रकाने ठरलेले आहेत : नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, माणसे किती, सही. गाडी भरून कुटुंब येते, एकाचे नाव लिहिले जाते, पुढे ‘अधिक ६’. ड्रायव्हर गाडीतच झोपतो, तो कुठेच नाही. परदेशी पाहुण्याची माहिती मात्र चोवीस तासांत ऑनलाइन जाते, कारण त्यामागे कायद्याची सक्ती आहे. देशी पाहुण्यांच्या मासिक माहितीपत्रकात बरेच चालक अंदाजाने आणि हात राखून आकडा भरतात. आकडा करखात्याकडे जाईल ही भीती खरी आहे, तिला दोष देऊन चालणार नाही. मालवण, दापोली, अलिबागच्या घरगुती खोल्यांपैकी ज्यांची नोंदणीच नाही, त्यांच्याकडून माहितीपत्रक कुणी मागतही नाही.

गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी तर स्वतःच्याच घरात झोपतो. तो कुठल्या रजिस्टरात येणार? पण गावातल्या दुकानाला, रिक्षाला, मूर्तिकाराला त्याच्या येण्याने जो पैसा मिळतो तो खराच असतो. असा पाहुणा सापडतो फक्त घरोघरच्या सर्वेक्षणात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००८-०९ मध्ये आणि पुन्हा २०१४-१५ मध्ये कुटुंबांना प्रवासाबद्दल विचारले, तेव्हा मुक्कामाच्या प्रवासांत सर्वांत मोठा वाटा नातेवाइकांकडे, लग्नकार्याला, सणासुदीला जाण्याचा निघाला. भारताचे देशी पर्यटन प्रामुख्याने हे आहे, आणि पोस्टरवरच्या समुद्रकिनाऱ्यांशी त्याचा संबंध थोडा. या सर्वेक्षणाचा नमुना तालुक्याबद्दल काही सांगू शकत नाही, ही त्याची मर्यादा. म्हणून घरची विचारणा आणि गावची मोजणी दोन्ही लागतात.

परदेशातल्या मराठी माणसाचा प्रश्नही याच जागी येतो. न्यू जर्सीहून दोन भाऊ डिसेंबरात पुण्याला आईकडे येतात. धाकट्याचा पासपोर्ट भारतीय, थोरल्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलेले. थोरला परदेशी पर्यटक म्हणून मोजला जातो, धाकटा अनिवासी भारतीय म्हणून दुसऱ्या रकान्यात. २०१४ पासून दोन्ही मिळून आंतरराष्ट्रीय आगमन असा आकडा देशपातळीवर दिला जातो. २०१९ मध्ये तो १ कोटी ७९ लाख होता, त्यात सुमारे ७० लाख अनिवासी. यातल्या बऱ्याच जणांनी हॉटेलची पायरीही चढली नसेल. राज्याच्या हॉटेल-आकड्यांत हे भाऊ नाहीत, पण त्यांनी केलेली खरेदी, दवाखान्याची बिले, आईला घेऊन केलेली अष्टविनायक यात्रा महाराष्ट्रातच झाली.

आकडा ढिसाळ राहिला तर काय होते हे गोव्याने २०२४ च्या नोव्हेंबरात पाहिले. समाजमाध्यमांवर एक आलेख फिरला : २०१९ मध्ये गोव्यात ८५ लाख परदेशी आले, २०२३ मध्ये फक्त १५ लाख. प्रत्यक्षात राज्याच्या हिशेबाने २०१९ मध्ये देशी-परदेशी मिळूनच सुमारे ८० लाख आले होते, आणि त्यात परदेशी ९ लाख ३७ हजार. पर्यटन खात्याने पोलिसांत तक्रार दिली आणि सारी चर्चा त्या तक्रारीभोवती फिरत राहिली. मला दुःख झाले ते दुसऱ्या गोष्टीचे. राज्याच्या स्वतःच्या आकड्यांत परदेशी पाहुणे २०२३ मध्ये साडेचार लाखांच्या आसपास होते, म्हणजे निम्म्याहून खाली. चार्टर विमानांवर पोट असलेल्या शॅकवाल्यांसाठी, टॅक्सीवाल्यांसाठी खरी बातमी ती होती. चुकीचा आकडा खोडताना ती मागे पडली. मोजण्याची पद्धत आणि आकडे एकाच ठिकाणी, नियमित, सर्वांना पाहता येतील असे असते, तर तो आलेख एका संध्याकाळीच गळून पडला असता.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे आहे की, जे खाते पाहुण्यांना बोलावते त्याच खात्याने पाहुणे मोजू नयेत. जाहिरात करणाऱ्यांना आकडा वाढलेला हवाच असतो, त्यात त्यांचे काम आहे. मोजणी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे जावी. माहिती गोळा करण्यासाठी २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याचा आधार घ्यावा. त्यात दिलेली माहिती फक्त सांख्यिकीसाठी वापरता येते. ही हमी लॉजचालकाच्या हातात छापील द्या, मग ‘अधिक ६’ लिहिताना तो सहाच्या जागी सहाच लिहील. माणसांच्या जोडीने रात्री मोजा, कारण एक रात्र आणि चार रात्री यांत गावाच्या उत्पन्नाचा आणि पाण्याचा सगळा फरक आहे. आणि परत जाणाऱ्या परदेशी पाहुण्याला मुंबईच्या विमानतळावर विचारा की कुठे राहिलात, किती दिवस. अशी सर्वेक्षणे पर्यटन मंत्रालयाने पूर्वी केलेली आहेत.

मोबाइलच्या नोंदींवरून मोजण्याचे आकर्षण हल्ली मोठे आहे. एस्टोनिया आणि इंडोनेशियाने तसे केले आहे आणि आपणही शिकावे. पण एका खिशात दोन सिम, आणि दहा वारकऱ्यांत दोन फोन, हे आपले वास्तव घरोघरच्या सर्वेक्षणाने दुरुस्त करून घेतल्याखेरीज त्या आकड्याला हात लावू नये. माणसाचा माग नको, फक्त बेरीज हवी, हेही कंपन्यांशी करार करतानाच लिहून घ्यावे.

आता नाशिक. २०२७ चा सिंहस्थ अगदी जवळ आला आहे. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात २०२५ मध्ये ४५ दिवसांत ६६ कोटींहून अधिक स्नाने झाल्याचे तिथल्या सरकारने सांगितले. कल्पवासी महिनाभर रोज स्नान करतो, त्यामुळे दिवसादिवसांच्या स्नानांची बेरीज म्हणजे माणसांची बेरीज नव्हे. नाशिकने त्या आकड्याशी स्पर्धा करू नये. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे चाळीस भाविकांचे प्राण गेले. त्या दिवशी नाशकात एकूण किती लोक होते, या आकड्याने त्यांना वाचवता आले नसते. त्या उतारावर, त्या घटकेला, किती माणसे एकमेकांना भिडली आहेत हे कुणाला तरी कळायला हवे होते. पुलांवर, रामकुंडाच्या वाटांवर, त्र्यंबकला कुशावर्ताच्या तोंडाशी दर पंधरा मिनिटांची मोजणी हवी, आणि गर्दी कुठल्या मर्यादेला पोचली की वाट बंद करायची हे आधी ठरलेले हवे. त्याच नोंदी नंतर सांख्यिकी संचालनालयाने पद्धतीसह प्रसिद्ध कराव्यात, किती लोक एकदाच आले, किती राहिले, याच्या नमुना-चाचणीसकट. दुपारच्या सत्रात या मोजणीचा कच्चा आराखडा चर्चेला घ्यायचा आहे. नाशिक महापालिकेचे, पोलिसांचे आणि एसटीचे जे प्रतिनिधी इथे आले आहेत, त्यांनी त्या सत्राला थांबावे ही माझी विनंती आहे.