दिलेली विद्या परत येते

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी मराठी आणि इतिहास शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. गाण्यातले मला फारसे कळत नाही. तरीही आज एका गवयाची हकीकत आपणापुढे ठेवणार आहे. कारण तो गवई आपल्या नाशिकचा आणि त्याच्या हकीकतीत प्रश्न आहे तो आपल्या मुलांच्या शिक्षणाचा.

पंचवटीत इंद्रकुंडाजवळ पलुस्कर सभागृह आहे. आपणांपैकी पुष्कळजण तेथून येतात-जातात. "हे पलुस्कर कोण?" असे मी एकदा वर्गात विचारले. एकही हात वर झाला नाही.

पं. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिकला झाला. त्यांची कथा सांगायची तर आधी वडिलांची सांगावी लागते. वडील पं. विष्णु दिगंबर हे १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे दुखावले आणि पुस्तकी शिक्षण खुंटले. तेव्हा ते मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले. बाळकृष्णबुवांचे गुरु वासुदेवबुवा जोशी. आणि वासुदेवबुवा हे ग्वाल्हेरच्या उस्ताद हद्दू खाँ-हस्सू खाँ यांचे शागीर्द. उस्तादांनी दिले, बुवांनी घेतले, आणि ते धन दृष्टी गमावत चाललेल्या एका मुलाच्या पदरी पडले. विद्येने कोठेही जात-धर्म विचारला नाही.

त्या काळी गाण्याची विद्या घराण्याच्या चार भिंतींत राखली जाई. विष्णु दिगंबरांनी ती दारे उघडली. ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे शाळेसारखे वर्ग, अभ्यासक्रम, स्वरलेखनाची पुस्तके आणि परीक्षा होत्या. सामान्य घरातल्या मुलामुलींना तेथे शिकता येऊ लागले. पुढे १९०८ साली मुंबईस विद्यालय निघाले, मोठी इमारत उभी राहिली. परंतु कर्ज वाढत गेले आणि ती इमारत हातची गेली. उत्तरायुष्यात पंडितजी नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहिले. तेथेही शिष्य होते, तेथेही शिकविणे चालूच होते.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले. त्या वेळी मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. इमारत नाही, पैसा नाही. पालकहो, अशा घरातील मुलाचे पुढे काय होते, हे आपणांस मी सांगावयास नको.

परंतु वडिलांनी एक ठेव मागे ठेवली होती. ती म्हणजे त्यांनी शिकविलेली माणसे. त्यांतले पं. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यांनी आपल्या गुरूच्या मुलास शिकविले. पं. नारायणराव व्यासांनीही त्यास मार्गदर्शन केले. चार वर्षांत, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा मुलगा जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. ज्या पंजाबात वडिलांनी पहिली शाळा काढली, तेथेच मुलाने लोकांपुढे पहिले गाणे केले.

पुढे आकाशवाणीवरून आणि ध्वनिमुद्रिकांतून त्यांचा निर्मळ आवाज घरोघरी पोहोचला. १९५२ साली 'बैजू बावरा' चित्रपट आला. त्यातील बैजू आणि तानसेन यांच्या स्पर्धेचे गाणे आजही ऐकावयास मिळते. संगीत नौशाद यांचे, राग देसी. बैजूसाठी गायले पलुस्कर आणि तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ. खाँसाहेब वयाने नऊ वर्षांनी मोठे. कथेत हार तानसेनाची. तरीही दोघांचे गाणे ऐकताना कोण जिंकले, हा विचार माझ्या मनात येत नाही. मुलांनो, ते एकदा जरूर ऐका.

ऑक्टोबर १९५५ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी, मेंदूज्वराने पलुस्कर गेले. आयुष्य एवढेच, परंतु वाया गेलेला एक दिवस त्यात दिसत नाही.

आता एक गोष्ट माझी. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गातील एका मुलाचे वडील वारले. मुलगा गणितात हुशार होता. पंधरा दिवस तो आला नाही. मी रोज हजेरीपटावर गैरहजेरी मांडत राहिलो. महिन्याने घरी गेलो, तेव्हा तो एका गॅरेजवर कामाला लागला होता. आई म्हणाली, "सर, आधी आला असता तर!" तो मुलगा शाळेत परत आला नाही. त्याचा दोष मी गॅरेजवाल्याला देत नाही, आईलाही देत नाही. त्या घरासाठी कोणी विनायकराव उभा राहिला नाही, आणि तो मी असावयास हवा होता.

म्हणून माझी विनंती फार लहान आहे. आपल्यात आज पदवीधर आहेत, बँकेत, कचेरीत, दवाखान्यात काम करणारे आहेत. प्रत्येकाला कोणीतरी शिकविले आहे. वडील गेलेल्या किंवा घरची ओढगस्त असलेल्या एका मुलास वा मुलीस आठवड्यातून एक तास द्या. मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनो, तुम्हीही धाकट्यांना तासभर शिकवा. त्यासाठी इमारत लागत नाही, वर्गणी लागत नाही.

सभा संपल्यावर मी वही घेऊन दाराशी थांबणार आहे. हे भाषण जे स्मरणिकेत वाचतील, त्यांनी शाळेत येऊन नाव द्यावे. वहीच्या पहिल्या पानावर पहिले नाव मी माझेच लिहिले आहे.